मायचं पत्र, माझं वाक्य

पालम, १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय अर्पिता,

सलाम.

योगीराजांचं कळलं. माझ्या शेजारची सरजाबाई लेकीकडे पाथरीला गेली होती. ती काल परतली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "तुमच्या बहिणीचं वह्या-पुस्तकाचं दुकान बंद दिसलं म्हणून इचारलं, तर मालक वारले म्हणं. पंधरा दिस झाले." मी विचारलं, अर्पिता दिसली का? "दिसली की. नाक तुमच्यावानीच हाय. पर त्या मोकळं बोलतात, तुमच्यावानी मापून न्हाई."

पंधरा दिवस. पालमहून परभणी, तिथे बस बदलली की पाथरी. सकाळी निघालेलं माणूस दुपारच्या जेवणाला पोचतं. तरी तुझा नवरा गेल्याचं मला पंधरा दिवसांनी, भाजीच्या पिशवीबरोबर कळलं.

त्यांच्याशी मी आयुष्यात दोनदा बोलले असेन. मायच्या मातीला तुम्ही दोघं आला होतात, तेव्हा त्यांनी कबरस्तानाच्या फाटकाबाहेर चपला काढून ठेवल्या होत्या. आपल्या ख्रिस्ती लोकांत कोणी काढत नाही. सगळं आटोपल्यावर ते तापलेल्या मातीवरून तसेच अनवाणी परत गेले. मला ते तेव्हाही दिसलं होतं.

एसटीच्या पार्सलने एक डबा पाठवते आहे. कारळाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, आणि थंडी सुरू झाली म्हणून एक लोकरी शाल. तू म्हणशील तर मी महिना-दोन महिने येऊन राहते. स्वयंपाक करीन, दुकानात बसेन. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला वेळच वेळ आहे, आणि हात चालू असले की मला बरं वाटतं.

जुनं काही उकरत नाही. मायच्या वेळेला जे झालं ते देवाच्या इच्छेने झालं असं मी धरून चालते. तूही तसंच धर.

तुझी अक्का,
विमला


पालम, ८ डिसेंबर २०२४

प्रिय अर्पिता,

सलाम.

डबा परत आला. स्टँडवरच्या माणसाने तो माझ्या हातात दिला तेव्हा सुतळीची गाठसुद्धा मीच मारलेली होती. वर तुझी चिठ्ठी. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे चढत जाणारं.

"अक्का, वस्तू नकोत. एक सांग. नऊ वर्षांपूर्वी मायचं म्हणून जे पत्र आलं, त्यातलं शेवटचं वाक्य मायचं होतं का तुझं? 'आधी मंडळीसमोर उभी राहा, आपला अपराध कबूल कर आणि मग घरी ये.' मायच्या तोंडी 'अपराध' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता."

अर्पिता, तो नियम मी केलेला नाही. चर्चच्या मंडळीबाहेर लग्न केलं की यादीतून नाव काढतात, प्रभुभोजनाची भाकर बंद होते, आणि परत यायचं तर एका रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून कबुली द्यायची. बाबा मंडळीचे प्रचारक होते. तुझं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं. ते दुसरं काय करणार होते? आणि माय मंडळीचे नियम मानायची, हे तुलाही ठाऊक आहे.

शिवाय तिची तेव्हाची अवस्था तू पाहिलेली नाहीस. कान जवळजवळ गेलेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. डोळे साखरेने गेलेले. लिहिता-वाचता तर तिला कधी आलंच नाही. ती सांगायची आणि मी लिहायची. सहा वर्षं मी तिचं सगळं केलं. शाळेत जाण्याआधी अंघोळ, आल्यावर अंथरूण, मधल्या सुट्टीत घरी पळत येऊन भाकरी कुस्करून दूध घालून देणं. सहा वर्षांत मी एका लग्नाला गेले नाही. हे मी तुला ऐकवत नाही. नुसतं सांगते आहे.

आज नाताळाआधीच्या आगमनकाळातला दुसरा रविवार. परभणीचं आपलं कॉन्व्हेंट आठवलं. सिस्टर अँसेल्मा प्रार्थनेच्या खोलीत रिकामी गव्हाण ठेवायच्या आणि शेजारी टोपलीत गवत. नाताळापर्यंत ज्या मुलीने एक चांगलं काम केलं तिने एक काडी गव्हाणीत टाकायची, म्हणजे बाळ येशूसाठी बिछाना तयार होईल. त्या वर्षी माझ्या एक्केचाळीस काड्या झाल्या होत्या. दुसऱ्यांची ताटं घासली, लहान मुलींच्या वेण्या घातल्या, जिने झाडले. तुझी एकही नव्हती, कारण तुझ्या लक्षातच राहायचं नाही. आणि नाताळच्या आदल्या दिवशी तू गोठ्यातून दोन्ही हातांत मावेल तेवढं गवत आणून एकदम गव्हाणीत ओतलंस.

सिस्टरने विचारलं, "एवढी सत्कृत्यं कधी केलीस, अर्पिता?"

"केलीच नाहीत, सिस्टर. पण काड्या कमी होत्या. बाळाला खालची लाकडं टोचली असती."

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. त्यांनी गवत तसंच राहू दिलं. सगळ्या मुली म्हणाल्या, किती छान दिसतंय. मी जवळ जाऊन पाहिलं. माझ्या एक्केचाळीस काड्या कुठेतरी खाली गेल्या होत्या. कुठल्या माझ्या, ते मलासुद्धा ओळखता येईना.

का लिहिलं हे, कोण जाणे. दिवस तसे आहेत.

अक्का


पालम, २७ डिसेंबर २०२४

प्रिय अर्पिता,

सलाम.

नाताळ झाला. करंज्या केल्या आणि गल्लीत वाटल्या. सरजाबाई म्हणाली, "बाई, एकटीसाठी एवढ्या?" मी म्हटलं, सवय आहे. चर्चमधल्या भक्तीनंतर मंडळी एकमेकांच्या घरी जेवायला गेली. मला तिघांनी बोलावलं. मी तिघांनाही सांगितलं की दुसरीकडे जाणार आहे, आणि घरी येऊन सकाळचा भात गरम करून खाल्ला.

मागच्या पत्रात मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. दिल्यासारखं दाखवलं. तुझ्या ते लक्षात आलं असणार, म्हणून तू गप्प आहेस.

ते वाक्य माझं होतं.

जानेवारीतली दुपार होती, रविवार. माय ओसरीवर उन्हात बसली होती. म्हणाली, "इमले, वही आण. अर्पीला लिहायचंय." मी तिच्या अंगाला लागून बसले. ती एक हात माझ्या दंडावर ठेवून सांगायची, म्हणजे मी लिहिते आहे की नाही ते तिला कळायचं. ती बरंच काही बोलली. मुद्दा एवढाच होता की तू घरी ये. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आणि माफीचं?"

"कसली माफी?"

"तिने केलं त्याची. मंडळीसमोर उभं राहायचं!"

माय माझ्याकडे वळली. तिला दिसत नव्हतं, तरी वळली. "आगं, माझ्या पोटची हाय ती. तिला माझ्याकडं यायला पास लागतो का काय?"

मी वही घेऊन आत गेले. टेबलाशी बसून चांगला कागद घेतला. मायचं बोलणं मी शुद्ध केलं. शाळामास्तरीण ना मी. तिच्या दोन पानांच्या चार ओळी केल्या: प्रकृती बरी नाही, तुझी आठवण येते, वगैरे. आणि खाली ते वाक्य लिहिलं. अक्षर चांगलं आलं. कच्चा कागद चुलीत घातला.

मी रागाने केलं नाही, नियमाला धरून केलं, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. खोटं आहे. मला राग आला होता. मी सहा वर्षं तिचं अंथरूण धुतलं, आणि तू लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत एक पेला पाणी दिलं नव्हतंस. आणि तिने तुला एका शब्दात घरात घेतलं. मला वाटलं, काहीच न करता हे मिळत असेल तर मी केलेलं सगळं कशात जमा धरायचं? काहीतरी तूही करायला हवं होतंस. निदान उभं तरी राहायला हवं होतंस.

आता तुला उत्तर मिळालं.

विमला


पालम, २० जानेवारी २०२५

प्रिय अर्पिता,

तुझी चिठ्ठी आली. या वेळेला फक्त एक ओळ: "माझं उत्तर तू मायला वाचून दाखवलंस का?"

नाही.

हे न विचारता सांगायला हवं होतं. मागचं पत्र पेटीत टाकून आले तेव्हा मला वाटलं होतं, सगळं सांगून झालं, आता मोकळी झाले. हे मी मागेच ठेवलं होतं.

तुझं उत्तर आठ दिवसांत आलं होतं. पोस्टमन पंडितने ते माझ्याच हातात दिलं. मी शाळेच्या मुताऱ्यांमागे उभं राहून वाचलं, कारण दुसरीकडे कुठे एकटं राहता आलं नसतं. तू लिहिलं होतंस, "माय, मी कोणासमोर उभी राहणार नाही. पण तू स्वतः नुसतं ये म्हण, मी त्याच दिवशी निघते."

ती तेच म्हणाली होती, अर्पिता. तू जे मागितलंस तेवढंच ती म्हणाली होती. दोघींच्या मध्ये मी होते.

मी घरी येऊन तिला सांगितलं की उत्तर आलं नाही. त्यानंतर ती एकोणीस दिवस जगली. रोज दुपारी विचारायची, "पंडित आला का गं?" मी तिच्या हातावर थोपटून 'नाही' सांगायची. दोनदा थोपटलं की नाही, असं आमचं ठरलेलं होतं. कधी कधी ती म्हणायची, "दुकानाचं काम आसंल तिला." शेवटच्या तीन दिवसांत तिने विचारणं सोडून दिलं.

मायच्या मातीच्या दिवशी बायका म्हणाल्या, अर्पिताचा ताठा बघा, जिवंतपणी आली नाही. मी ऐकून घेतलं. हेही माझंच.

त्या महिन्यापासून मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारची बिनखमिराची भाकर मीच भाजते. द्राक्षरसासाठी शनिवारी काळ्या मनुका भिजत घालते, उकळते, गाळते. चर्चमध्ये ताट मांडते आणि पेले धुवायच्या निमित्ताने मागच्या खोलीत जाते. नऊ वर्षं झाली. मला वाटायचं, हे देव बघत असेल. आणि कधीतरी तो म्हणेल, पुरे.

काल मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले होते. सूर्यभान त्यांचं नाव, दोन वर्षांपूर्वी इथे आले. मूळचे इथलेच, चौथीत मीच त्यांना शिकवलं. मोटारसायकलची साखळी बसवत होते. हात काळे झाले होते म्हणून त्यांनी कोपरानेच खुर्ची पुढे सरकवली. मी बसले नाही. म्हटलं, "पाळकसाहेब, येत्या रविवारी मला मंडळीसमोर उभं राहायचं आहे."

"कशापायी, बाई?"

मी सगळं सांगितलं. तुला लिहिलं तितकं सगळं. त्यांनी साखळी सोडून दिली.

"उभं राहून काय व्हईल?"

"जे मी अर्पितावर लादलं ते मी स्वतः केलं, असं तिला कळेल."

"मग त्या माफ करतील?"

"करायला नको का?"

"म्हणजे उभं राहायचं ते त्यांच्याकडून माफी काढून घ्यायला."

मला राग आला. मी म्हटलं, "मी नऊ वर्षं प्रभुभोजन घेतलं नाही, हे तुम्हाला माहीत तरी आहे का?"

"दोन वर्षं बघायलोय की. भाकरीचं ताट आणून ठेवता अन् पेले धुवायला आत जाता. बाई, पेले लोकांनी पिल्यावर धुवायचे असतात."

"मग विचारलं का नाहीत?"

"भ्यालो. तुमी मला पाढ्यापायी फळ्यापुढं उभं केलं होतं, ते अजून ध्यानात हाय." ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "शिक्षा कुणी दिली तुमाला?"

"माझी मीच."

"अन् ती कवा संपायची, ते बी तुमीच ठरवणार. गुन्हा तुमचा, न्यायाधीश तुमी, शिक्षा तुमीच भोगायची अन् सुटका बी तुमीच कमवायची. देवाला काई कामच ठेवलं न्हाई, बाई."

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

"पहिल्या रविवारी ताट मांडलं की आत जाऊ नका. बास."

"एवढंच?"

"एवढंच तर जमंना तुमाला," ते म्हणाले.

घरी येताना मी पुन्हा पुन्हा हिशेब मांडत होते की एवढं पुरेल का.

विमला


पालम, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय अर्पिता,

काल ताट मांडलं आणि आत गेले नाही.

वेदीच्या कठड्यापुढे गुडघे टेकायला गेले तर शेजारच्या बाईने दचकून पाहिलं आणि जागा करून दिली. गुडघ्यांत इतकी कळ आली की मला प्रार्थना आठवेना. पाळकसाहेब आले. मी भाजलेल्याच भाकरीचा तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मला म्हणायचं होतं, थांबा, अर्पिताचं उत्तर अजून आलेलं नाही. पण ते पुढच्या माणसाकडे गेलेसुद्धा. तुकडा हातात होता. मग खाल्ला.

काही झालं नाही. हलकं वाटलं नाही, रडूही आलं नाही. भाकर थोडी जास्त भाजली गेली होती. घरी आले, कुलूप काढलं, घर जसं सोडून गेले होते तसंच होतं. इतकी वर्षं जी खोली मी कामांनी भरत होते तिच्यात काल दुपारभर मला कुठलंच काम सुचेना. एकटेपणा म्हणतात तो हाच असावा. तोही याआधी मी कधी नीट पाहिला नव्हता.

तुला हे यासाठी सांगत नाही की तू माफ करावंस. तुझ्या माफीआधी मी भाकर खाल्ली, हे तुला माझ्याकडूनच कळावं, इतकंच. राग आला तर तो तुझा हक्क आहे. मी आता उभी राहणार नाही, आणि डबेही पाठवणार नाही.

विमला


पालम, २४ फेब्रुवारी २०२५

प्रिय अर्पिता,

तुझी चिठ्ठी मिळाली. "माफ केलं असं मी लिहीत नाही, कारण केलेलं नाही. नऊ वर्षं मी मायवर चिडून होते. त्याचं काय करू, ते मला कळत नाही. तू एक कर. माय जे बोलली ते सगळं जसंच्या तसं लिहून पाठव. तुझा शब्द नको. शुद्ध करू नको. खाली सही नको."

कागद जाळला तरी शब्द राहिले आहेत. ती सांगायची आणि मी लिहायची, तेव्हा प्रत्येक वाक्य मी दोनदा ऐकलेलं आहे. तिने मधेच माझ्याशी बोललेलंही ठेवलं आहे, कारण तू सगळं म्हणालीस. जिथे आठवत नाही तिथे जागा मोकळी सोडली आहे. बनवून भरलेली नाही.


अर्पे, मी माय बोलायले. इमली लिहायली. कान गेले, डोळे गेले, जीभ तेवढी राहिली, म्हणून म्हणलं बोलून घ्यावं.

तू ये. कवा येतीस ते कळवत बसू नको. सकाळी आलीस तर सकाळची भाकर खाऊ, सांजच्याला आलीस तर सांजची. जावायाला बी आन. त्याला म्हणावं सासू आंधळी हाय, तिच्यापुढं लाजायचं काम न्हाई. तू लठ्ठ झालीस का? हात लावून बघीन मी.

तुझा बाप गेला तवा तू फाटकापाशी उभी व्हतीस. लोकाला वाटलं मला दिसलं न्हाई. तवा दिसत व्हतं मला. मी उठून आले न्हाई. बाया काय म्हणतील म्हणून बसून राहिले. ते माझं चुकलं. तुझं काई चुकलं का न्हाई, ते मी इसरले. आठवायला गेलं तरी आठवना. म्हातारपणाचा एवढा एक फायदा हाय.

मी रानीसावरगावला ल्हान व्हते तवा माझी माय ________________ तसंच तुझं हाय.

देवाला मी सांगितलंय. म्हणलं, मला वाचता येत न्हाई, नियम काय ते तुलाच ठाऊक. माझ्या पोरीला मी बोलवायले. तुला पटत नसंल तर तू माझ्यावर रुस. पर मला न्हाई वाटत तो रुसंल. त्याला बी लेकरू व्हतं.

इमलीवर राग धरू नको. लय करायली माझं. दिस उगवल्यापासून पळायली. मला वाटतंय तिला भ्या वाटतंय, काम थांबलं की माय आपल्याला इसरंल. कशी इसरंन मी? तू काईच केलं न्हाईस तरी माझी हाईस. अन् तिनं एवढं केलं तरी ती तेवढीच माझी हाय, जास्ती न्हाई अन् कमी न्हाई. ती पाळण्यात व्हती तवाच माझी झाली, तवा कुठं भाकरी करत व्हती?

हात का थांबला गं, इमले? हे बी लिही. लिहिलंस?

बरं. अर्पे, ये म्हणजे झालं. आजून काय सांगू.

इमले, ठिव आता ती वही. चाहा करायला उठू नको. ऱ्हाऊ दे गं सगळं. बस हितं माझ्यापाशी. काई करू नको. नुसती बस.